ई-सायकल घ्यायची, पण कोणासाठी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्यात बावधनला राहणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या एक ताई लिहितात. ऑफिस नळस्टॉपजवळ. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीत, त्याचा संध्याकाळचा क्लास कोथरूडला. ऑफिसमधून घरी यायचं, मुलाला क्लासला सोडायचं, परत येऊन स्वयंपाक, मग पुन्हा आणायला जायचं, असं करत चांदणी चौक दिवसातून सहा वेळा ओलांडावा लागतो. स्कूटर अकरा वर्षांची झाली आहे. मुलाच्या मित्रांकडे ‘ई-बाईक’ आल्या आहेत आणि त्यालाही हवी आहे. दुकानदाराने दोन गाड्या दाखवल्या: एक स्कूटरसारखी दिसणारी, पंचवीसच्या स्पीडची, आणि एक बॅटरीची सायकल. दोन्हींना लायसन्स नको, नंबर नको, हेल्मेटची सक्ती नाही. निघताना तो हळूच म्हणाला, “स्पीड कमी वाटला तर नंतर लॉक काढून देऊ.” नवऱ्याचं म्हणणं, मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत काही घ्यायचं नाही. मुलगा चार दिवस नीट बोलत नाहीये. बॅटरी पेट घेते का, पावसात चालते का, पंचेचाळीस हजार वाया तर जाणार नाहीत, अशा शंकाही आहेत. पत्राच्या शेवटी ताई लिहितात: “त्या सायकलवर मी गल्लीत एक चक्कर मारून बघितली. कॉलेजनंतर पहिल्यांदाच. पण ते जाऊ दे.”

ताई,

आधी दुकानदाराच्या त्या हळूच बोललेल्या वाक्याबद्दल. वेग पंचवीसला अडवून ठेवणारं ते लॉक काढायचं नाही. आज नाही, सहा महिन्यांनी नाही, मुलाने कितीही हट्ट धरला तरी नाही. इतकं ठाम का म्हणते ते सांगते, कारण तुमच्या पत्रातले निम्मे प्रश्न त्याच लॉकपाशी येऊन अडतात.

लायसन्स नको, नंबर नको हे त्याने सांगितलं ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिलेली आहे. मोटर सलग तीस मिनिटं देऊ शकेल ती ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर कायदा त्या वाहनाला ‘मोटार वाहन’ मानतच नाही. पेडल मारताना मोटर मदत करते अशा सायकलीला आणखी अटी आहेत. वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत गेली पाहिजे आणि २५ ला पोचेपर्यंत पूर्ण बंद झाली पाहिजे. पाय थांबले तर त्याआधीच. शिवाय नीट ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. हे सगळं कंपनीने आपल्या तोंडाने सांगून भागत नाही. सरकारमान्य संस्थेने गाडी तपासून तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यांतली एक संस्था आपल्या पुण्यातच आहे. कोथरूडकर सकाळी ज्या एआरएआय टेकडीवर फिरायला जातात, त्या नावातली एआरएआय म्हणजे तीच.

ही सगळी सवलत त्या दोन आकड्यांवर उभी आहे. लॉक काढलं की आकडा ओलांडला, आणि त्या क्षणापासून तुमच्या दारात उभी असते ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटार गाडी. वर ती चालवणारा पंधरा वर्षांचा, लायसन्स नसलेला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातून झालेल्या मोटार अपघातानंतर पालकांची जबाबदारी हा विषय पुण्यात घराघरात बोलला गेला; पण ते मोठ्या गाड्यांचं, आपल्या या छोट्या गाडीचं काय, असं बहुतेकांना वाटतं. लॉक काढलेल्या छोट्या गाडीलाही कलम तेच. असे बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये मोहीमसुद्धा काढली होती.

कायदा बाजूला ठेवला तरी पंचवीसची मर्यादा कुणी उगाच ठरवलेली नाही. वेग २५ वरून ४५ केला की धडकेतली ऊर्जा दुप्पट होत नाही, तिपटीहून जास्त होते. ब्रेक मात्र तेच, टायर तेच आणि फ्रेमही पंचवीसच्या हिशेबाने बनवलेली.

आता दुसरी गल्लत. ‘ई-बाईक’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. नंबर असलेली, लायसन्स लागणारी विजेवरची स्कूटर ही एक. सरकारने २०२५ मध्ये ‘ई-बाईक टॅक्सी’ला मान्यता दिली, त्यातली बाईक म्हणजे ही. दुसरी ती स्कूटरसारखी दिसणारी पण पंचवीसला अडकलेली गाडी. तिसरी खरी ई-सायकल, जिला पेडल असतात आणि ते मारण्यासाठीच असतात. परदेशातल्या व्हिडिओंनी हा गोंधळ आणखी वाढवला आहे. अमेरिकेत ७५० वॅटपर्यंतच्या मोटरला मोकळीक आहे, म्हणून तिथली सायकल चढावर उडत जाताना दिसते. युरोपात मात्र आपल्यासारखंच २५० वॅट आणि २५ किलोमीटर. तुमचा मुलगा मोबाइलवर काय बघतो ते एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. त्याच्या मनातली गाडी आणि दुकानातली गाडी वेगळी निघण्याची शक्यता बरीच आहे.

ती स्कूटरसारखी दिसणारी हळू गाडी मला अजिबात पसंत नाही, आणि हे मी स्पष्टच लिहिते. तिच्यावर बसलेला माणूस स्कूटरवर बसल्यासारखाच वागतो. रस्त्याच्या मधून जातो, मित्राला डबलसीट घेतो, उजवीकडून ओव्हरटेक करायला बघतो. मागून येणारा बसचालकही तिला स्कूटर समजून, ती आत्ता वेग घेईल असं धरून चालतो. ती वेग घेत नाही. अंगाला व्यायाम नाही, रस्त्यावर टिकण्याइतका वेग नाही, आणि ‘लॉक काढू या’ हा मोह रोजचा. जी गाडी पहिल्या दिवसापासून वेगळं काहीतरी व्हायला बघते, ती पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नये.

मग त्याला ई-सायकल द्यावी का? मोटार वाहन कायद्याने ती गाडी धरली नाही, म्हणून तिला लायसन्स नाही आणि लायसन्सचं वयही नाही. त्यामुळे पंधरा वर्षांचा मुलगा ती चालवू शकतो. पण कायदा गप्प आहे याचा अर्थ त्याने मुलाला चांदणी चौकात जायला सांगितलंय असा घेऊ नका. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथला नवा पूल आणि रस्ते सुरू झाल्यापासून मोटारींची सोय झाली, सायकलवाल्याला मात्र तिथे जास्तच जपावं लागतं. हायवेचा वेग अंगात घेऊन गाड्या उतरतात, आणि कोण कुठल्या फाट्याला वळणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला, क्लास सुटल्यावर, दमलेल्या मुलाने तिथून चढ चढत घरी यायचं, हे मला पटत नाही. ई-सायकलवर नाही आणि साध्या सायकलवरही नाही. निष्काळजीपणाने चालवून दुसऱ्याला इजा झाली तर भारतीय न्याय संहिता सायकललाही लागू होते. त्यातलं २८१ कलम ‘कोणतंही वाहन’ असं म्हणतं. आणि विम्याचं बघा: सायकलला सक्तीचा विमा नाही, त्यामुळे धडकेत समोरच्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं तर भरपाई तुमच्या खिशातून.

तुमच्या मिस्टरांचं ‘अठरा होऊ दे’ हे म्हणणं मोटार गाडीबद्दल अगदी बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट सुटते. मुलगा मागतोय ती बहुधा गाडी नाही. दहावीतल्या मुलाला रोज आई सोडायला येते आणि आई न्यायला येते, हे त्याला मित्रांसमोर जड जात असणार. तो प्रश्न खरा आहे आणि तो अठराव्या वर्षापर्यंत टांगता ठेवता येणार नाही. जाताना त्याला पीएमपीची बस पकडू द्या, एकट्याने. पासाचे पैसे त्याच्या हातात द्या, वेळ चुकली तर काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या. येताना अंधार असतो, तेव्हा काही महिने तुम्ही किंवा त्याचे बाबा जा. आठवड्यातून दोन दिवस त्याच्या बाबांनी जायला काय हरकत आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून विचारते. साधी गिअरची सायकल घरात असेल तर सुट्टीच्या दिवशी बावधनमधल्या बावधनमध्ये, मैदानावर, लायब्ररीत त्याला तिच्यावर जाऊ द्या. रस्ता वाचायला सायकलच शिकवते. मागे न वळता मागचा आवाज ओळखणं, उभ्या मोटारीचं दार उघडणार हे आधी कळणं, खड्डा चुकवताना एकदम उजवीकडे न जाणं. हे ज्याला येतं त्याच्या हाती अठराव्या वर्षी स्कूटर देताना आईचा जीव थोडा कमी घाबरतो.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते. “पण ते जाऊ दे” असं तुम्ही लिहिलंत. का जाऊ द्यायचं? सबंध पत्रात मुलाची गरज आहे, घरच्यांची मतं आहेत, दुकानदाराचं बोलणं आहे, आणि ज्या एका माणसाने ती सायकल खरोखर चालवून बघितली त्याच्याबद्दल दोन ओळी. मला वाटतं, ही सायकल तुमच्यासाठी आहे का हा प्रश्न आधी सोडवू या.

मी सहकारनगरला राहते आणि तीन वर्षं झाली ई-सायकल चालवते आहे. घेतली तेव्हा माझं वय बावन्न होतं. त्यामुळे आता जे सांगते ते चांगलंही वापरातलं आहे आणि वाईटही.

ई-सायकल ही आधी सायकल आहे. ज्याला पेडल मारायचं नाही त्याने ती घेऊ नये, त्याने सरळ नंबरची विजेची स्कूटर घ्यावी. तुम्हाला घरी येताना कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाचा चढ आहे. हिशेब करून बघा: तुमचं वजन आणि सायकल मिळून नव्वद-पंच्याण्णव किलो, आणि शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरला, तर ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने वर यायला साधारण दोनशे वॅट लागतात. रोजचा सराव नसलेल्या माणसाला एवढी ताकद सलग काढणं अवघड आहे. पायांत गोळे येतात, धाप लागते, आणि दुसऱ्या दिवशी सायकल पार्किंगमध्येच राहते. मोटरने त्यातला निम्म्याहून जास्त भार उचलला की तुमच्या वाट्याला उरतं ते भरभर चालण्याइतकं काम. घाम येतो, पण ऑफिसात साडी किंवा कुर्ता बदलावा लागत नाही. सिग्नलवरून निघताना जो पहिला जोर लागतो, तिथे मोटरचा उपयोग सर्वांत जास्त, आणि गुडघ्यावर ताण पडतो तोही नेमका तिथेच. चाळिशीनंतर गुडघे कुरकुरत असतील तर डॉक्टरांना एकदा विचारा आणि सीटची उंची नीट लावून घ्या. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. दुकानातून येते तेव्हा सीट बहुतेक वेळा फार खाली असते, आणि पंधरा दिवसांनी लोक म्हणतात सायकलने गुडघे दुखतात.

बॅटरीवर बहुतेक वेळा ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर असं लिहिलेलं असतं. म्हणजे तिच्यात ३६० वॅट-अवर वीज मावते. पुण्याच्या चढउतारात, मदत मध्यम ठेवली तर एका किलोमीटरला बारा-पंधरा वॅट-अवर जातात, म्हणजे एका चार्जिंगमध्ये पंचवीस-तीस किलोमीटर. जाहिरातीत साठ-सत्तर लिहिलेलं असतं ते सपाट रस्त्यावर, हलक्या माणसाने, सर्वांत कमी मदतीवर. तुमचं जाऊन-येऊन सोळा किलोमीटर होईल, त्याला ही बॅटरी पुरते. वीज अर्धा युनिटही लागत नाही, फार तर चार-पाच रुपये.

पण पैसे वाचवायला म्हणून घेऊ नका. जुन्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला चाळीसएक रुपयांचं पेट्रोल लागतं असं धरलं, तरी महिन्यातल्या बावीस कामाच्या दिवसांत आठशे रुपये वाचतील. पंचेचाळीस हजार असे भरून यायला जवळजवळ पावणेपाच वर्षं, तीही पावसाळ्यात एकही दिवस न चुकवता. आणि साधारण त्याच सुमाराला बॅटरी बदलायची वेळ येते, दहा-पंधरा हजारांचा खर्च. ई-सायकल पैशाने परवडते ती एकाच बाबतीत: तिच्यामुळे दुसरी मोठी गाडी घेणं टळलं तर. तुमची स्कूटर बदलायला झाली आहे, तेव्हा हा मुद्दा घरात मांडण्यासारखा आहे. जुनी स्कूटर पावसासाठी, सामानासाठी, मुलाला आणण्यासाठी ठेवायची, आणि रोजचं ऑफिस सायकलवर. असं केलं तर तिलाही दोन-तीन वर्षं जास्त मिळतील. मात्र मुलाला ई-सायकलवर डबलसीट नेता येईल या भरवशावर राहू नका. कॅरिअर, मागचं चाक आणि मोटर, तिघांनाही ते झेपत नाही.

त्रासाचं कोणी सांगत नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते. पहिला त्रास वजनाचा. साधी सायकल पंधरा-सोळा किलोची, ही वीस ते पंचवीस. लिफ्ट बंद पडली आणि पार्किंगमध्ये जागा नसली तर दुसऱ्या मजल्यावर नेणं एकट्या बाईला जमत नाही. घेण्याआधी सोसायटीत ती कुठे उभी राहणार, साखळीने बांधायला पाइप आहे का, छत आहे का, हे बघा.

दुसरा पंक्चरचा. माझ्या सायकलची मोटर मागच्या चाकात आहे, स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक सायकलींची तिथेच असते. पहिलं पंक्चर झालं ते स्वारगेटच्या अलीकडे, आणि पहिल्या पंक्चरवाल्याने हात लावायलाच नकार दिला. वायर तुटली तर मी भरून देणार नाही, असं म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. दुसऱ्याकडे आक्सलच्या नटाला लागणारा अठरा नंबरचा पाना नव्हता. तिसऱ्याने पान्याची खटपट न करता टायर एका बाजूने खेचून ट्यूब बाहेर काढली, चाक न उतरवता पॅच लावला आणि वीस मिनिटांत मोकळा झाला. त्या दिवसापासून सीटखालच्या पिशवीत अठराचा पाना, दोन टायर लिव्हर आणि पॅचचं पाकीट असतं. मोटरची वायर जिथे जोडते त्या कनेक्टरवर बाण असतात. उघडताना सरळ ओढायचा, पिळायचा नाही, आणि लावताना बाणाला बाण जुळवायचा. आतल्या पिना केसाएवढ्या बारीक असतात, त्या वाकल्या तर मोटर बंद. हे दुकानदाराकडून सायकल घेतानाच एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, लाजू नका. मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून त्या चाकाच्या तारा (स्पोक) ढिल्या होतात. दोन महिन्यांतून एकदा त्या आवळून घ्याव्या लागतात. मी पहिल्या वर्षी दुर्लक्ष केलं आणि पाठोपाठ दोन तारा तुटल्या.

तिसरा पावसाचा. रिमझिम पावसात काही होत नाही. पण साचलेलं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे मोटरपर्यंत येत असेल तर उतरा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल बंद होतात हे पुणेकराला सांगायला नको. तिथे उगाच कडेकडेने जाऊन बघू नका. धुताना पाइपचा जोराचा फवारा मोटरवर आणि डिस्प्लेवर मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. ओल्या रस्त्यावर ब्रेक लवकर लावायचा, कारण सायकल जड आहे. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेलीच घ्या, हा माझा आग्रह आहे.

बॅटरी पेट घेण्याची भीती तुम्ही लिहिली आहे. ती निराधार नाही, पण ती टाळणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. न्यूयॉर्कमध्ये ई-सायकलींच्या बॅटऱ्यांनी इतक्या आगी लागल्या, की त्या शहराने २०२३ मध्ये सुरक्षा चाचणी पास न झालेल्या बॅटऱ्या आणि ई-सायकली विकायलाच बंदी घातली. सर्वांत जास्त धोका असतो तो जुने सेल जोडून बनवलेल्या बॅटरीत आणि भलताच चार्जर लावण्यात. ३६ व्होल्टच्या बॅटरीच्या चार्जरवर ४२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते चूक नाही, तसंच असतं. पण ४८ व्होल्टच्या सायकलचा चार्जर दिसायला अगदी तसाच असतो आणि पिनही कधी कधी बसते. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणू नका. चार-पाच तासांत चार्जिंग होतं, तेव्हा संध्याकाळी जागेपणी लावा, रात्रभर नाही. सोफ्यावर, गादीवर किंवा घराबाहेर पडायच्या दाराजवळ लावू नका. फरशीवर, मोकळ्या जागी ठेवा. सायकल पडून बॅटरीला पोचा आला, ती फुगली किंवा चार्जिंगमध्ये हाताला चटका बसण्याइतकी तापली तर वापर तिथेच थांबवा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली दुपारभर बॅटरी सायकलवर ठेवू नका, काढून वर न्या. अडीच-तीन किलोची असते. ती खराब झाली की कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा विक्रेत्याकडे परत द्यायची.

तुमच्यासारखी चौकशी करणारे आणखीही काही जण या सदराला लिहितात, त्यांत जुन्या सायकलला मोटरचं किट बसवण्याबद्दल विचारणारे बरेच असतात. ऑनलाइन मिळणारी ३५० आणि ५०० वॅटची किट बसवली की सायकलची मोटार गाडी होते, वर सांगितलेलं सगळं तिला लागू. २५० वॅटचं घेतलं तरी जुन्या सायकलचे दांड्याचे ब्रेक त्या वजनाला आणि वेगाला पुरत नाहीत, आणि घरी जोडलेल्या त्या गाडीकडे कुठलं प्रमाणपत्रही नसतं. वडिलांची सायकल जपायची असेल तर तशीच जपा.

तर, दुकानात पुन्हा जाल तेव्हा लॉक काढून देणाऱ्या त्या दुकानात जाऊ नका. जो विक्रीच्या दिवशीच नियम मोडायला तयार आहे, तो वॉरंटीच्या वेळी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. आता पुण्यात बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या आहेत, पर्याय पुष्कळ आहेत. मॉडेलचं नाव लिहिलेल्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि ते नाव सायकलवरच्या लेबलशी ताडून बघा. मोटरच्या गोलाकार भागावर ३६ व्होल्ट, २५० वॅट असं कोरलेलं असतं, वाकून वाचा. थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवायची मूठ, असलेलं मॉडेल असेल तर त्या थ्रॉटलसकट प्रमाणपत्र आहे ना, हे विचारा. बॅटरीची वॉरंटी किती आणि ती नवी केवढ्याला मिळेल, हे बिलावर किंवा मेसेजमध्ये लिहून घ्या. चालवून बघताना सपाट गल्लीत बघू नका, चढावर बघा. सायकलचं हेल्मेट त्याच दिवशी घ्या. कायद्याने सक्ती नाही, पण पंचवीसच्या वेगाने डोकं आपटलं तर दुखापत कायदा बघून होत नाही. कुटुंबाचा वैयक्तिक अपघात विमा नसेल तर तोही काढा, त्यात तुम्ही सायकलवर असलात तरी संरक्षण मिळतं ना, एवढं वाचून घ्या.

पहिले दोन आठवडे ऑफिसला नेऊ नका. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला निघा, बावधन ते नळस्टॉप, उजाडलेलं असेल आणि रस्ता मोकळा असेल. चांदणी चौकात जिथे जीव धाकधूक करतो ती जागा नेमकी कुठली ते टिपून ठेवा. तिथे कामाच्या दिवशी उतरून, सायकल हातात धरून, पायी ओलांडा. डिस्प्लेवरचं खालचं बटण दाबून धरलं की बऱ्याच सायकली चालण्याच्या वेगाने आपणहून पुढे सरकतात, चढावर हातात धरून नेताना त्याचा फार आधार होतो. येताना कर्वे पुतळ्यापाशी चहाला थांबा आणि बॅटरीचे किती काटे उरलेत ते बघा. तुमच्या मिस्टरांना त्या रविवारी स्कूटर घेऊन मागे यायला सांगा. आणि मुलाला यायचं असेल तर त्यालाही घ्या, अठराच्या पान्याची पिशवी त्याच्याकडे सोपवा.